पर्यायी मजकूर

परिपत्रक आलं तेव्हा लाईट गेलेली होती.
यूपीएस पिपाणी वाजवत होता,
नहार मॅडमनी मोबाईलच्या उजेडात वाचलं :
संकेतस्थळ सर्वांसाठी सुगम असावे.
अनुपालन अहवाल पंधरा दिवसांत.
"सुगम म्हणजे हो?" लेखा विभागाचे डोईजोडे.
"सोपं," कोणीतरी म्हणालं,
आणि सगळे बार्शी रोडच्या टपरीवर चहाला गेले.

मी कंत्राटी.
अकरा महिने, एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने.
संकेतस्थळावर माझं नाव कुठंच नाही,
पासवर्ड तेवढा माझ्याकडं.

मुद्दे बत्तीस.
गोपनीयता धोरण शेजारच्या विद्यापीठाचं उचललं, नाव बदललं,
एका जागी बदलायचं राहिलं, ते अजून तिथंच आहे.
अक्षरं मोठी केली. पिवळ्यावरचं पांढरं काढलं.
रॅगिंगविरोधी समितीत एक निवृत्त, एक वारलेले;
वारलेल्यांचा नंबर तसाच.
चालू आहे का म्हणून लावला.
बाईचा आवाज : "सासरे गेले. तक्रार आहे का तुमची?
मागं एका पोरीचा आला होता, रात्री अकराला.
मी ऐकून घेतलं तिचं. दुसरं काय करणार."

मुद्दा सव्वीस : प्रत्येक चित्रास पर्यायी मजकूर असावा.
चित्रं नऊशे चौदा.
मजकूर शून्य.

त्याच आठवड्यात रेणापूरहून चांगदेव मस्केचा फोन,
एम. ए. दुसरं वर्ष, जन्मापासून दिसत नाही.
"मॅडम, तुमचं पान उघडलं की मशीन नुस्तं
चित्र, चित्र, चित्र म्हनलालंय.
ह्यातल्या कोन्त्या चित्रात माजं टाईमटेबल हाय?"
होतं. सातव्यात. स्कॅन केलेलं, तिरकं,
कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा.
मी वाचून दाखवलं.
त्यानं लिहून घेतलं नाही,
सगळे पेपर तारीखवार उलट म्हणून दाखवले मला,
आणि शेवटी विचारलं, "अन् बाकीच्या चित्रांत काय हाय?"

त्या रात्री बसले.
नियम : दिसतं तेवढंच लिहावं. मत नको. वाक्य छोटं.
डीएससी शून्य शून्य त्रेचाळीस, वृक्षारोपण :
"सात माणसं एका रोपाभोवती. झारी कललेली. पाणी दिसत नाही."
(आमच्याकडं तेव्हा नळाला दहा दिवसाआड.)
दीक्षान्त :
"रांगेत चाळीस झगे. तिसरीच्या चपलेचा अंगठा तुटलेला, ती हसते आहे."
ग्रंथालय :
"उंच कपाटं, कुलपं. खिडकीत एक कबूतर."

डोईजोडे म्हणाले, "झारीचं काढा."
मी म्हटलं, मुद्दा सव्वीस.
ते बराच वेळ फोटो बघत उभे राहिले.
"खरंच की," म्हणाले, "मीच आणली होती ती झारी."
काढा म्हणायला पुन्हा आले नाहीत.

चौदाव्या दिवशी चारशे चित्रं बाकी.
तिथं मी लिहिलं : "कार्यक्रमाचे छायाचित्र."
चारशे वेळा.
हे कबूल करते.

चांगदेवचा फोन : "ते कबूतर अजून हाय का?"
जाऊन बघितलं. नव्हतं.
काचेवर पांढरा डाग होता.
तसं सांगितलं. "बरं," म्हणाला,
"तारीख बदला मग. शेवटचे अद्ययावत : आज."

समितीचा नवा नंबर कार्यालयाकडून आला.
लावून बघितला. तीनदा.
वाजत राहिला.
अहवालात त्या रकान्यापुढं छापील दोनच पर्याय : होय, नाही.
'होय'वर टिचकी मारली, कारण अकरावा महिना होता.

नंतर त्या बाईंना फोन केला, विचारलं,
त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, राहू द्या.
म्हणून नव्या नंबरच्या खाली
जुना तसाच ठेवलाय.
त्याच्यापुढं पर्यायी मजकूर :
"सून. रात्रीही उचलतात. ऐकून घेतात."